डबल शॉकअपची सायकल घेताना

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी कशाकशासाठी येते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना. आता त्या यादीत सायकलही आली आहे. मुलगी नववीत गेली, शाळा पाच-सहा किलोमीटरवर, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून सायकल हवी. आणि घरातल्या पोरांना साधी सायकल नको असते. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, जाड टायर, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. तालुक्याच्या दुकानात ती दारातच उभी असते, मोटारसायकलची धाकटी बहीण असल्यासारखी. दुकानदार म्हणतो, ‘ताई, सध्या हीच चालते, पोरं दुसरीला हात लावत नाहीत.’ त्याचं खोटं नसतं.

किंमत साधारण आठ-दहा हजारांपासून पुढे. साध्या सायकलीपेक्षा दोन-चार हजारांनी तरी जास्त. गटाच्या कर्जातून घेतली तर हप्ता आठ-दहा महिने चालतो. सायकल सहा महिन्यांत खिळखिळी होऊन गोठ्यात पडली, तर हप्ता काही थांबत नाही, थांबते ती मुलीची शाळा. म्हणून आज या सायकलीबद्दल जरा सविस्तर बोलूया. तो मागचा शॉकअप काय करतो, स्वस्तातला काय करत नाही, घ्यायचीच ठरली तर दुकानात काय बघायचं, आणि घेतल्यावर चालवायची कशी.

आधी ही सायकल आली कुठून ते थोडक्यात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथली काही तरुण मंडळी १९७० नंतरच्या काळात जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरावरून कच्च्या वाटेने खाली सुटायची. १९७६ साली त्यांनी अशा एका उतारावर शर्यत सुरू केली. त्या उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’, कारण एकदा खाली उतरलं की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. या टोळीत वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती, आणि त्या सुरुवातीच्या दिवसांचे बरेच फोटो तिनेच काढलेले आहेत. पुढे खास डोंगरासाठीच्या सायकली बनू लागल्या. पुढच्या चिमट्यात शॉकअप बसवायला १९९० च्या सुमारास सुरुवात झाली, आणि मागचा शॉकअप त्यानंतर सर्रास दिसू लागला. म्हणजे ही सायकल मुळात डोंगर उतरण्याच्या खेळासाठी घडत गेली. शाळेला जायला किंवा दुधाची किटली न्यायला नव्हे.

आता शॉकअपचं काम समजून घेऊ. आपल्याला वाटतं, शॉकअप म्हणजे बुडाला धक्का लागू नये म्हणून. ते आहेच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी उचलली जाते, आणि वेगात असेल तर चाक जमीन सोडतं. एसटीला खाली कमानपाटे असतात. तिथे चाक एकटं वर-खाली होतं, गाडी त्या मानाने स्थिर राहते. चाक जमिनीला चिकटून राहणं महत्त्वाचं, कारण जे चाक हवेत आहे त्याला ब्रेक लागत नाही आणि ते वळतही नाही. डोंगरावरून दगडधोंड्यांतून जोरात उतरणाऱ्या माणसाला दोन्ही चाकं सतत जमिनीवर हवी असतात, म्हणून त्याला पुढे-मागे शॉकअप लागतो.

पण नुसती स्प्रिंग पुरत नाही. पाळणा एकदा ढकलला की झुलतच राहतो, थांबवायचा तर हात लावावा लागतो. स्प्रिंगचंही तसंच. दाबली गेली की ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. चांगल्या शॉकअपमध्ये आत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून हळूहळू सरकतं. पाळण्याला आवरणारा हात म्हणजे ते तेल. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये ते असतं. महागड्या डोंगरी सायकलीतही असतं, आणि त्या सायकलींच्या किमती लाखाच्या घरात जातात. आठ-दहा हजारांच्या सायकलीत मागे असते ती बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग आणि मधे एक दांडा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, लाल-पिवळा रंगही तोच.

त्याचा परिणाम चालवताना कळतो. मऊ गादीवर उखळ ठेवून कांडायला बसलो तर काय होईल? मुसळाचा निम्मा जोर गादीच खाईल. स्वस्तातल्या डबल शॉकअपवर पॅडल मारताना तेच होतं. पाय खाली दाबला की थोडा जोर चाकाकडे जातो आणि थोडा स्प्रिंग दाबण्यात जातो. सायकल डुलत डुलत चालते. सपाट रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही, चढावर मात्र दम काढते. त्यात वजन. दोन शॉकअप, जाड लोखंडी नळ्या, जाड टायर मिळून ही सायकल १८-२० किलोपर्यंत जाते. मुलीचं स्वतःचं वजन ४० किलो असेल, तर ती स्वतःच्या निम्म्या वजनाची वस्तू रोज चढावर ढकलते आहे. दुकानात वजन सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी लक्षात राहत नाही. जमलं तर धान्याच्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर दोन सायकली शेजारी शेजारी तोलून बघा. आकडा बघितला की चर्चा आपोआप मिटते.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांच्या कामाची, आणि जाहिरातीत ती कधी नसते. ती म्हणजे कॅरिअर. साध्या सायकलीला मागे कॅरिअर असतं, त्यावर दप्तर, चाऱ्याचा भारा, दळणाची पिशवी, धाकटं भावंड सगळं बसतं. डबल शॉकअपच्या सायकलीचा मागचा भाग पुढच्या भागाला बिजागरीने जोडलेला असतो. दार जसं चौकटीला. हे दोन भाग एकमेकांपासून सतत हलत असतात. आता एक टोक मागच्या भागाला आणि दुसरं पुढच्या भागाला बांधून कॅरिअर बसवलं, तर ते काही दिवसांत वाकतं किंवा मोडतं. सीटच्या दांड्याला अडकवायचं कॅरिअर मिळतं, पण त्यावर पाच-सात किलोच्या पुढे काही ठेवायच्या भानगडीत पडू नये. थोडक्यात, दप्तर पाठीवरच राहणार.

मडगार्ड नसतो, असला तर प्लास्टिकचा तुकडा. पावसाळ्यात शाळेत पोचेपर्यंत पाठीवर चिखलाची रेघ उठते, आणि पांढऱ्या गणवेशावर ती जात नाही. साखळीवर झाकण नसतं, ओढणी आणि सलवारीचा पायचा त्यात अडकतो. काही सायकलींना स्टँडसुद्धा वेगळे पैसे देऊन लावून घ्यावं लागतं. आणि लुगडं-साडी नेसून चालवणाऱ्या बाईने तर या सायकलीचा विचारच सोडून द्यावा. मधल्या नळीवरून पाय टाकायलाच जागा नसते.

एवढं ऐकल्यावर तुम्ही विचाराल, मग आमच्या रस्त्यांचं काय? खड्डे आहेत, खडी उखडली आहे, धक्के तर बसतातच. यावर आमचं सरळ मत असं की धक्क्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि न बिघडणारा शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाचा एक जनावरांचा डॉक्टर होता. त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीला दणके बसू नयेत म्हणून हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन इंच रुंद टायर, त्यात बेताची हवा, आणि मागे साधी पक्की चौकट. पुढे शॉकअप असला तर असू द्या, मागे नको. रोजच्या शाळेच्या, बाजाराच्या, रानाच्या वाटेला एवढं पुरतं. उरलेल्या पैशात चांगले ब्रेक, मडगार्ड, कुलूप आणि पंप येतो.

तरीही डबल शॉकअप घ्यायचीच, असं काही घरांत ठरतं. त्याला कारणंही असतात. वाट खरोखर धोंड्यांची आणि उताराची असते. किंवा पोरगी म्हणते, घेतली तर तीच, नाहीतर मी चालत जाईन. आम्ही याला नुसता हट्ट म्हणणार नाही. आवडती सायकल रोज बाहेर निघते, नावडती भिंतीला टेकून राहते, हेही खरं आहे. भाऊ मोटारसायकलवर फिरतो आणि तिने मात्र ‘लेडीज’ सायकलवर समाधान मानावं, असं का? फक्त घेताना डोळे उघडे ठेवून घ्या. आणि ज्याला चालवायची त्याला बरोबर न्या. सायकल ही चप्पल नव्हे, पण मापाशिवाय घेऊ नये हे दोन्हीकडे सारखंच.

दुकानात पहिली तपासणी सीटची. सीटवर दोन्ही हात ठेवून जोरात खाली दाबा आणि सोडा. सायकल एकदा वर येऊन शांत झाली तर बरी. चेंडूसारखी दोन-तीनदा उसळली तर ती नुसती स्प्रिंग आहे. मग स्प्रिंगवर छापलेला आकडा बघा. ७५०, ८५०, १००० असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा जेवढा मोठा तेवढी स्प्रिंग कडक. दुकानदार कडक स्प्रिंगला ‘मजबूत’ म्हणतो, पण ४० किलोच्या मुलीखाली ती दबतच नाही. मग तो शॉकअप म्हणजे विकत घेतलेलं ओझं. दुकानदाराला सायकल धरायला सांगा, मुलीला बसवा. ती बसल्यावर मागचा भाग थोडासा खाली बसला पाहिजे, जेवढा दबू शकतो त्याच्या साधारण पाव हिस्सा. अजिबात हलला नाही तर स्प्रिंग फार कडक, तळाला टेकला तर फार मऊ. स्प्रिंगवर फिरवायची एक चकती असते, तिने थोडाफार फरक पडतो. मात्र कडक स्प्रिंग मऊ होत नाही.

दुसरी तपासणी बिजागरीची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. एका हाताने सीट घट्ट धरा, दुसऱ्या हाताने मागचं चाक वरून धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवा. सुटी हालचाल जाणवली, ‘खट खट’ आवाज आला, तर ती सायकल नको. नवी असताना जी बिजागरी हलते ती सहा महिन्यांनी काय करेल? पुढच्या चिमट्याचंही तसंच बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला, हँडलखाली खडखड लागायला नको.

मग चाकं उचलून फिरवा. रिम डोलत असेल तर चाक आउट आहे, तारा ओढून घ्यायला सांगा. मागचं चाक उचलून धरा, पॅडल फिरवत सगळे गिअर एकेक करून टाकायला लावा. साखळी कुठेही उडता कामा नये. आणि एक गंमत, खरं म्हणजे गंमत नव्हे. या सायकली दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेल्या येतात, उरलेलं जोडकाम दुकानातला पोरगा करतो. घाईत कधी कधी पुढचा चिमटा उलटा बसतो. चिमट्याच्या खालच्या टोकाशी, चाकाचा आस जिथे बसतो ती जागा किंचित पुढे झुकलेली असली पाहिजे, आपल्या पायांकडे मागे नव्हे. चिमटा उलटा असला तर सायकल वळणावर दगा देते. पॅडलवर एल आणि आर ही इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे डावं आणि उजवं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चुकीच्या बाजूला जबरदस्तीने पिळलं की आटे जातात आणि मग नवा दांडाच घालावा लागतो.

मापाचं म्हणाल तर मुलगी जमिनीवर दोन्ही पाय टेकवून मधल्या नळीवर उभी राहिली की नळी आणि शरीर यांच्यामध्ये निदान तीन-चार बोटं अंतर हवं. दोन वर्षांनी पुरेल म्हणून मोठी घेणं हा आपला कपड्यांचा नियम, तो इथे लावू नका. लावलाच तर ब्रेक मारून थांबताना ती नळीवर आपटते. सीटची उंची ठरवताना टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली आणा, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पॅडलवर येतो आणि गुडघा जरासा वाकलेला राहतो. सीट खूप खाली ठेवून चालवलं की संध्याकाळी गुडघे दुखतात, आणि पोरी म्हणतात सायकल जड आहे. शिकणारीसाठी मात्र पहिले आठ दिवस सीट खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले की भीती निम्मी होते. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, त्या खुणेच्या वर दांडा ओढू नका.

आता हिशेब. समजा गटाचं व्याज महिना दोन टक्के आहे आणि दहा हजारांची सायकल दहा महिन्यांत फेडायची, दरमहा मुद्दल हजार रुपये. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर एकूण व्याज ११०० रुपये, सायकल पडली ११,१०० ला. त्याच हिशेबाने साडेसहा हजारांच्या साध्या सायकलीचं व्याज ७१५, ती पडली ७,२१५ ला. फरक जवळजवळ ३,९०० रुपयांचा. तो फरक कशासाठी देतो आहोत ते बैठकीत एकदा मोठ्याने बोला. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर किती लावला आहे ते वाचून बघा. आणि कर्ज काढण्याआधी शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी शाळेमार्फत पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात असेल तर कर्जाचा आकडाच खाली येईल.

सायकल घरी आली. आता चालवायची कशी?

पहिल्यांदा गिअर. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या आणि मागे सात. डाव्या हाताचा खटका पुढच्या तिन्हींचा, उजव्या हाताचा मागच्या सातांचा. पुढची लहान आणि मागची मोठी चकती म्हणजे सगळ्यात हलका गिअर, चढासाठी. पुढची मोठी आणि मागची लहान म्हणजे जड, सपाट आणि मोकळ्या रस्त्यासाठी. पुढची मोठी आणि मागचीही मोठी असं एकत्र टाकू नका, दोन्ही लहानही नकोत. साखळी तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते. गिअर बदलताना पॅडल फिरत राहिलं पाहिजे, पण जोर न लावता. चढ अर्धा चढून, पाय अडकल्यावर खटका ओढला की ‘कड’ असा आवाज येतो आणि साखळी निसटते. चढ समोर दिसला की आधीच हलका गिअर टाका. खरं सांगायचं तर रोजच्या वापरात चार-पाच गिअरच लागतात. एकवीसचा आकडा स्टिकरवर शोभतो.

डबल शॉकअपच्या सायकलीवर चढ बसूनच चढायचा. उभं राहून जोर लावला की ती सगळ्यात जास्त डुलते आणि ताकद वाया जाते. उताराला मात्र उलटं. धोंड्यांचा उतार आला की सीटवरून थोडं उठा, दोन्ही पॅडल एका पातळीत आणा, गुडघे आणि कोपर सैल सोडा, अंग थोडं मागे. आपले गुडघे हा सगळ्यात भारी शॉकअप, आणि त्याला तेल घालावं लागत नाही. नजर चाकाखाली नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी. ज्या दगडाकडे टक लावून बघाल त्याच्यावरच सायकल जाते, हा अनुभव शिकणाऱ्या प्रत्येकीला येतो.

ब्रेकचा कोणता दांडा कोणत्या चाकाचा ते पहिल्याच दिवशी ओळखून घ्या. आपल्याकडे बहुधा उजवा पुढचा असतो, पण खात्री करा. ब्रेक दोन्ही मिळून, हळूहळू दाबायचे. मुरमावर किंवा वाळूवर नुसता पुढचा जोरात दाबला की चाक सटकतं आणि माणूस तोंडावर पडतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. डिस्क ब्रेक असेल तर लांब उतारानंतर त्या चकतीला हात लावू नका, चांगलीच तापलेली असते. त्या चकतीवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, ब्रेक धरायचा बंद होतो. साध्या रबरी ब्रेकला पावसात जरा उशिरा पकड येते, तेव्हा आधीपासून दाबायला लागा.

आणि उड्या नकोत. दिसायला ती उड्या मारायचीच सायकल आहे, मोबाइलवर पोरं तसले व्हिडिओही बघतात. पण त्या व्हिडिओतल्या सायकली लाखांच्या असतात. आपल्या सायकलीची बिजागरी आणि जोड त्यासाठी केलेले नाहीत, आणि बरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बारीक अक्षरात कंपनीही बहुधा तेच लिहिते.

देखभालीत मोठं काही नाही, पण नेमाने हवं. हवेसाठी टायरच्या कडेवर किती पीएसआय ते छापलेलं असतं, त्या आकड्यांच्या आत राहा. हलक्या अंगाच्या मुलीने खालच्या आकड्याजवळ ठेवली तर धक्के कमी बसतात. या सायकलींच्या ट्यूबचा वॉल बऱ्याचदा मोटारसायकलसारखा असतो, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथल्या माणसाला आकडा आधी सांगा, नाहीतर ट्यूब फुटते. साखळी आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब थेंब घाला आणि वरचं पुसून काढा. खोबरेल नको, धुळीने त्याचा चिकटा होतो. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात चिखल मागच्या चाकात आणि चौकटीत थापला जातो, चाक फिरेनासं होतं. काडीने काढा, मग बादलीच्या पाण्याने धुवा. गाड्या धुणाऱ्या जोराच्या पाइपने मात्र धुऊ नका, ते पाणी बिजागरीत आणि छर्‍यांत शिरतं आणि आतलं ग्रीस घालवतं.

नवी सायकल पंधरा दिवसांनी दुकानात परत न्यायचीच. तारा ढिल्या होतात, ब्रेकची केबल ताणते, नट सैल होतात. हे पहिलं आवळणं पुष्कळ दुकानदार फुकट करून देतात, घेतानाच तसं ठरवून घ्या आणि बिलाच्या मागे लिहून घ्या. त्यानंतर महिन्यातून एकदा बिजागरीचे नट बघायचे. त्यासाठी षटकोनी छोट्या किल्ल्यांचा जुडगा लागतो, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गटात दोन-तीन सायकली झाल्या असतील तर एक जुडगा, एक पंप आणि पंक्चरची डबी गटातर्फे घेऊन ठेवा. मासिक बैठकीला पोरींना सायकली घेऊन यायला सांगा, सीट धरून चाक हलवून बघायला दोन मिनिटं लागतात.